प्लास्टर निघाल्यानंतरचा रस्ता

कटरचा आवाज थांबतो, प्लास्टरचे दोन भाग बाजूला होतात आणि आतून जो पाय निघतो तो आपला वाटत नाही. पोटरी आटलेली, कातडीचे पोपडे सुटलेले, घोट्याभोवती सूज आणि सगळ्यावर एक फिकट पिवळट छटा. डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरतात आणि म्हणतात, "हाड छान जुळलंय. आता चालायला लागा." बाहेर ओपीडीत माणसांची रांग असते, त्यामुळे संवाद तिथेच संपतो. किती चालायचं, कुठे चालायचं, कशाच्या आधाराने आणि दुखलं तर पुढे जायचं की परत फिरायचं, हे प्रश्न पेशंट रिक्षात बसून घरी नेतो. मग उत्तरं देतात ती शेजारची मंडळी. एक हळद-तुरटीचा लेप सुचवतो, दुसरा गावाकडच्या हाडवैद्याचा नंबर देतो, तिसरा म्हणतो, "महिनाभर पाय खाली टेकवूच नकोस."

या तिघांपैकी तिसऱ्याचा सल्ला ऐकायला सर्वांत सोपा आणि पाळला तर सर्वांत महाग पडणारा.

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहायला सांगण्यात आलं. तीन आठवड्यांनी त्यांची दम टिकवण्याची क्षमता, म्हणजे जोराच्या श्रमात शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते प्रमाण, एक चतुर्थांशाहून अधिक घसरलं होतं. तीस वर्षांनी हेच पाचजण पुन्हा तपासले गेले. तोवर ते पन्नाशीत आले होते, वजनं वाढली होती. तरीही तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त नुकसान विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने केलं होतं. प्लास्टरमधला माणूस अर्थातच पूर्ण वेळ पडून नसतो, पण त्याच्या त्या एका पायापुरता हाच प्रयोग चालू असतो. मांडीचा पुढचा स्नायू आणि पोटरी हे दोघे सगळ्यांत आधी झिजतात, आणि चालताना नेमकी त्यांचीच गरज लागते.

हाडाचंही तसंच. जर्मन शल्यवैद्य युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं की हाड त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची अंतर्रचना बदलतं. भार आला की तिथे भर पडते, भार गेला की हाड विरळ होत जातं. म्हणून जुळलेल्या हाडाला योग्य वेळी योग्य भार देणं हा उपचाराचाच भाग आहे. हे आज साधं वाटतं, पण वैद्यकाने इथवर यायला बराच वेळ घेतला. १८६३ साली इंग्लंडमध्ये जॉन हिल्टन यांचं विश्रांती आणि वेदना या विषयावरचं पुस्तक आलं. पुढे ह्यू ओवेन थॉमस यांनी तर सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हाच मंत्र केला. त्याच शतकात फ्रान्समध्ये ल्युका-शांपियोनिएर नावाचे सर्जन उलट सांगत होते की मोडलेला अवयवही लवकर हलवा. थॉमस यांचं म्हणणं जास्त काळ टिकलं, कारण हलवून बिघडलं तर दोष डॉक्टरचा आणि न हलवून आखडलं तर दोष नशिबाचा. घरोघरी पोचलेलं 'विश्रांती, बर्फ, दाब, पाय उंच' हे सूत्र १९७८ मधलं, अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांच्या पुस्तकातलं. पुढे २०१४ मध्ये खुद्द मर्किन यांनीच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं.

पण "चाला" म्हणणं पुरेसं नाही. चालणं म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी पाहू.

एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत एक फेरा धरला, तर त्यातला साधारण साठ टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि चाळीस टक्के हवेत. मधे थोडा थोडा वेळ दोन्ही पाय एकदम टेकलेले असतात. पाय दुखत असला की माणूस नकळत त्याच्यावरचा वेळ कमी करतो आणि चांगला पाय घाईने पुढे टाकतो. हेच लंगडणं. म्हणजे लंगडताना घोटाळा दिसतो दुखऱ्या पायात, पण घाई करत असतो चांगला पाय. त्यामुळे "दुखरा पाय नीट टाक" असं स्वतःला बजावून फारसा उपयोग होत नाही. दोन्ही पावलं मुद्दाम लहान आणि सारखी ठेवणं, वेग कमी करणं, याने लंगडणं लवकर सुटतं. ते सुटलं की नाही हे कानांनी कळतं. पहाटे रहदारी नसताना फरसबंद रस्त्यावर आपल्या बुटांचा आवाज ऐका. दोन ठोक्यांमधलं अंतर समान आहे का? एक ठोका जड, एक हलका येतो का? मातीवर किंवा हिरवळीवर हे ऐकू येत नाही. कठीण, सपाट रस्त्याचा हा एक फायदा कुणी सांगत नाही.

घोट्याची गोष्ट आणखी वेगळी. अंग पावलावरून पुढे जाताना नडगी पावलाच्या दिशेने साधारण दहा अंश झुकावी लागते. प्लास्टरमध्ये आखडलेला घोटा तेवढा झुकत नाही. मग टाच लवकर उचलली जाते, किंवा माणूस पाऊल बाहेरच्या बाजूला वळवून काम भागवतो. चालता तर येतं, पण काही आठवड्यांनी गुडघा किंवा कंबर तक्रार करू लागते आणि आपण म्हणतो, आता हे नवीनच काय निघालं. नवीन काही नसतं, घोट्याचं देणं वरच्या सांध्यांनी फेडलेलं असतं. म्हणून रोज चालायला निघण्याआधी घोटा पुढे झुकवण्याचा आणि पोटरी ताणण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्ट देतात. तो कंटाळवाणा आहे, आणि नुसतं चालणं हा त्याला पर्याय नाही.

आता एक बारीक माप. पाय हवेतून पुढे जाताना बोटांचा टोकाकडचा भाग जमिनीपासून किती उंच असतो? अंदाज विचारला तर लोक तीन-चार इंच सांगतात. प्रत्यक्षात सर्वांत खालच्या क्षणी ते अंतर एक ते दोन सेंटीमीटर असतं. धडधाकट माणूसही जमिनीला जवळजवळ चाटूनच चालतो. पाय पुरेसा न उचलणाऱ्या, थकलेल्या माणसाचं अंतर याहूनही कमी होतं. आणि आपल्या शहरांमधला पेव्हर ब्लॉक आठवा. खालची वाळू पावसात वाहून जाते, एक कोपरा खचतो, शेजारचा ब्लॉक वर येतो. वर किती येतो? एक-दोन सेंटीमीटर! अपघात घडायला लागणारी सगळी उंची एवढीच. मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या जुन्या गल्लीत शंभर पावलांत असे किती कोपरे लागतात ते ज्याने पाय मोडून पाहिलाय त्याला विचारा.

माझं मत असं की बरं होणाऱ्या माणसाचं निम्मं औषध फूटपाथमध्ये असतं, आणि ते औषध महापालिकेच्या हातात असतं. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ मध्ये पादचारी सुविधांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत निवासी भागातल्या फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी आणि फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, असं होतं. १५० मिलिमीटर म्हणजे जिन्याची एक बेताची पायरी. प्रत्यक्षात दुचाक्या वर चढू नयेत म्हणून फूटपाथ फूटभर उंच केलेला आपण पाहतो. दुचाकी तरीही शेजारच्या गेटच्या उतारावरून चढतेच, वॉकर घेतलेल्या आजींना मात्र चढता येत नाही. शिवाय प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी फूटपाथ खाली उतरतो, पुन्हा वर चढतो, मधे डीपी बॉक्स, झाकण नसलेलं चेंबर, पानाची टपरी. मग माणूस सरळ रस्त्यावर उतरतो. तिथे वेगळीच अडचण. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो. कडेने चालताना एक पाऊल सतत खालच्या पातळीवर आणि घोटा सतत एका बाजूला कललेला. ज्याच्या घोट्याचे बाहेरचे लिगामेंट ताणले गेलेत त्याला हा कल लगेच जाणवतो.

यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत जागा निवडणं हा निर्णय अंतर ठरवण्याइतकाच मोठा असतो. हवं ते असं: सपाट, सलग, उजेडाचं आणि बसायला वाटेल तिथे जागा असलेलं. या कसोटीवर मुंबईतल्या दोन जुन्या जागा उत्तीर्ण होतात. शिवाजी पार्कभोवतीचा कट्टा म्हणजे पूर्ण वर्तुळच बसायचं. एक फेरी साधारण सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर, आणि कुठेही थकलात तर टेकायला भिंत हाताशी. मरीन ड्राइव्हला समुद्राच्या बाजूने तीन किलोमीटरहून लांब कठडा आहे, म्हणजे शहरातला सर्वांत लांब बाकच. फक्त तिथे एक धोका असतो. रस्ता सरळ जात असल्याने आणि वारा चांगला असल्याने माणूस दमेपर्यंत पुढे जातो, आणि दमल्यावर त्याच्या लक्षात येतं की तेवढंच परत यायचंय. सरळ रस्त्यावर "अजून जमेल" असं वाटत असतानाच वळावं. गोल वाटेवर हा प्रश्न कमी येतो. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचा नव्याने केलेला रुंद फूटपाथ, कोल्हापुरात रंकाळ्याकाठचा पदपथ, आणि हे काहीच जवळ नसेल तर सोसायटीच्या पार्किंगमधली फेरी. पार्किंगमध्ये फिरताना लाज वाटते खरी. पण तिथली फरशी बाहेरच्या रस्त्यापेक्षा सपाट असेल तर लाज बाजूला ठेवावी.

काठीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण काठी बहुतेक जण चुकीच्या हातात धरतात. रंगमंचावरचे आजोबासुद्धा अनेकदा दुखऱ्या बाजूलाच काठी टेकतात. उजवा पाय दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी. याचं कारण खुब्यात आहे. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा दुसऱ्या बाजूला झुकणारं कमरेचं हाड सावरण्यासाठी खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंना जोरात ओढावं लागतं. त्या ओढीमुळे साध्या चालण्यातही खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो. विरुद्ध हातातली काठी खुब्यापासून दूर असते, त्यामुळे तिच्यावर थोडंसं वजन टाकलं तरी स्नायूंचं बरंच काम वाचतं आणि सांध्यावरचा दाब लक्षणीय उतरतो. दुखऱ्या पायाबरोबर विरुद्ध हातातली काठी पुढे जाते. हे आपल्या नेहमीच्या हात हलवत चालण्याच्या लयीतही बसतं. उंचीचं माप सोपं: बूट घालून सरळ उभं राहा, हात सैल सोडा, काठीची मूठ मनगटाच्या सुरकुतीपाशी यावी. कोपर किंचित वाकलेलं राहतं. आणि काठीच्या तळाचं रबरी बूच महिन्यातून एकदा उलटं करून पाहा. झिजून गुळगुळीत झालेलं बूच ओल्या टाइल्सवर काठी नसल्यापेक्षा वाईट.

काठी कधी सोडायची? काठीशिवाय लंगडत चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चालणं बरं. लोक काय म्हणतील म्हणून काठी घरी ठेवणारे बहुधा पन्नाशीतले पुरुष असतात, हे माझं निरीक्षण, शास्त्र नव्हे.

आता मात्रा. इथे मोबाइलमधल्या पावलांच्या आकड्याने बरेच घोळ घातलेत. रोज दहा हजार पावलं हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये यामासा कंपनीने पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. पुढे २०१९ साली अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात दिसलं की दिवसाला साधारण चार हजार चारशे पावलं चालणाऱ्यांमध्येसुद्धा मृत्यूचं प्रमाण दोन हजार सातशे चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. जखमी पायाला तर कुठलाही गोल आकडा कळत नाही. त्याला मिनिटं कळतात. दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं, हे एकदम अर्धा तास चालण्यापेक्षा अनेकदा चांगलं लागू पडतं. वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. आधी वेळ, मग वेग, आणि चढ-उतार सगळ्यांत शेवटी. वेगाचं एक सोयीचं माप म्हणजे मिनिटाला शंभराच्या आसपास पावलं. तेवढं जमू लागलं की ते चालणं हृदय-फुप्फुसांसाठी मध्यम व्यायामात मोजलं जातं. जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून आठवड्याला किमान दीडशे मिनिटं असा मध्यम व्यायाम सांगते. तिथवर पोचायची घाई नको.

मात्रा बरोबर होती की नाही, याचा निकाल चालताना लागत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. चालताना थोडं दुखणं, ओढल्यासारखं वाटणं चालतं. दुखणं वाढत वाढत गेलं किंवा त्याने चाल बिघडली, तर थांबावं. सकाळी पलंगावरून उतरल्यावरची पहिली काही पावलं कालच्यासारखीच किंवा त्याहून बरी असतील, तर काल जेवढं चाललात तेवढं आज चाला. सकाळी जास्त जखडलेलं, जास्त दुखरं असेल, तर आज निम्मं. संध्याकाळी घोट्यावर मोज्याची खोल रेघ उमटणं, पाय जड वाटणं, हे घोट्याच्या फ्रॅक्चरनंतर कित्येक महिने राहू शकतं. पाय उंच ठेवल्यावर रात्रीत उतरणारी सूज घाबरण्यासारखी नसते.

घाबरायचं कशाला, तेही सांगायला हवं. एकाच पोटरीत अचानक वाढलेली सूज, गरमपणा आणि दाबल्यावर दुखणं हे शिरेत रक्ताची गाठ झाल्याचं लक्षण असू शकतं. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर फिजिओची पुढची तारीख येईपर्यंत थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि चालताना घोटा पुन्हा मुरगळला तर? कॅनडातल्या ओटावा इथे इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये कुणाला एक्स-रे लागतो हे ठरवायचे नियम बसवले. त्यांतला एक असा: दुखापतीनंतर लगेच आणि नंतर तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. घोट्याच्या कुठल्याही बाजूच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर हाड दाबून दुखत असेल तरीही काढा. लचक भरली म्हणून लगेच तेल लावून जोरात मालीश करू नये, विशेषतः आत काय झालंय ते माहीत नसताना.

काँक्रीटवर चालू नका, मातीत चाला, हिरवळीवर अनवाणी चाला, हा सल्ला प्रत्येक बागेत फुकट मिळतो. धावणाऱ्याच्या पायावर प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट जोर येतो, त्यामुळे त्याने पृष्ठभागाचा विचार करणं समजू शकतं. चालताना जमिनीचा जोर वजनाच्या जेमतेम सव्वापटीत राहतो. डांबर आणि काँक्रीट यांतला फरक बुटाच्या तळाच्या जाडीत विरून जातो. उलट मऊ जमिनीला छुपे खड्डे असतात. वाळूचं तर विचारूच नका. गिरगाव किंवा जुहूच्या चौपाटीवर मोकळ्या वाळूत चालायला कठीण रस्त्यापेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, आणि तो जादा खर्च काही अंशी वाळू सरकवण्यात जातो, काही अंशी स्नायूंची कार्यक्षमता घटल्यामुळे होतो. नुकत्या बऱ्या होणाऱ्या घोट्याला ही शिक्षा आहे. चार महिन्यांनंतर तीच वाळू उत्तम व्यायाम होते. कारण लिगामेंट ताणलं जातं तेव्हा सांधा कुठल्या कोनात आहे हे मेंदूला कळवणारी संवेदनाही बोथट होते. ती परत धारदार करायला पुढे थोडी ओबडधोबड जमीन लागतेच. आधी दात घासताना एका पायावर उभं राहणं, मग हिरवळ, मग वाळू.

सरावाचा खरा कस लागतो तो चौकात. सिग्नलची वेळ ठरवताना पादचाऱ्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. बारा मीटर रुंद रस्ता त्या वेगाने दहा सेकंदांत ओलांडून होतो. काठी घेतलेला, नीट पावलं टाकणारा माणूस ०.६ मीटरने चालला तर त्याला वीस सेकंद लागतात, आणि तो मधोमध असताना समोरचे हॉर्न सुरू होतात. अशा वेळी घाई केली की लंगडणं परत येतं. म्हणून सिग्नल हिरवा झालेला दिसला तरी धावत सुटू नये, पुढच्या हिरव्याची पूर्ण वेळ घ्यावी, आणि दुभाजकावर थांबायला जागा असलेला चौक निवडावा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की चालण्याजोगे फूटपाथ हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवायला सुरुवात केली. वर्षातून एक दिवस. फ्रॅक्चर मात्र बाराही महिने होतात.

पुणेकर पेशंटचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो: टेकडी कधी? वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती यांच्याशिवाय ज्यांची सकाळ होत नाही त्यांना फूटपाथवरचं फिरणं म्हणजे पदावनती वाटते. पण चढापेक्षा उताराकडे पाहून ठरवा. चढताना दम लागतो, उतरताना मांडीचे स्नायू लांब होत होत ब्रेक लावतात आणि गुडघा व घोटा प्रत्येक पावलाचा धक्का झेलतात. घरच्या जिन्यावर आधी पाहा. सुरुवातीला चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना दुखरा आधी, असं शिकवलेलं असतं. पुढे आलटून-पालटून पाय टाकत, कठडा न धरता, पूर्ण जिना आवाज न करता उतरता आला पाहिजे. मग भिंतीला एक बोट लावून, दुखऱ्या पायावर उभं राहून टाच वर-खाली करा आणि चांगल्या पायाशी तुलना करा. दोघांचा आकडा जवळपास आला की टेकडीवर जा. पहिल्यांदा पाऊस नसलेल्या दिवशी, सुट्या मुरुमाची वाट टाळून, पायऱ्यांच्या बाजूने, आणि अर्ध्यावरूनच परत.